शिक्का कुणाचा, मोर्तब कुणाचं?

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ई-सेवा केंद्रात हा प्रकार पाहायला मिळतो. डिजिटल सहीचा सातबारा संगणकावर उघडला की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं आणि शेजारी 'व्हॅलिडिटी अननोन' अशी अक्षरं. उतारा बनावट निघाला की काय, म्हणून शेतकरी घाबरतो. केंद्रातला मुलगा सराईतपणे चार-पाच ठिकाणी क्लिक करतो, 'ट्रस्टेड सर्टिफिकेट्स'मध्ये काहीतरी घालतो आणि प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण उमटते. उताऱ्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं. बदललेलं असतं ते एवढंच, की भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकावर, म्हणजे सीसीएवर, विश्वास ठेवायचा असं त्या संगणकाला सांगितलेलं असतं.

ब्राउझरचंही असंच आहे. बँकेची साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्यावर एका मध्यस्थ संस्थेची सही असते, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर तिच्या वरच्या संस्थेची. असं चढत चढत आपण मूळ प्रमाणपत्रापाशी पोहोचतो. त्याच्यावर सही कुणाची? त्याची स्वतःचीच. ते खरं मानायचं, कारण ते ब्राउझरच्या किंवा विंडोजच्या यादीत आहे. 'सर्टिफिकेट इन्स्टॉल करा' म्हणजे या यादीत आणखी एक नाव घाला.

हदीसशास्त्राची तोंडओळख असलेल्यांना ही साखळी नवी वाटणार नाही. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून, ही सनद आधी तपासायची आणि मग मजकूर. पण तिथे साखळीतल्या प्रत्येक माणसाची पारख उघडपणे झाली. कोण खरं बोलणारा, कुणाची स्मरणशक्ती कच्ची, कोण कुणाला प्रत्यक्ष भेटलाच नव्हता, याच्या चर्चेने ग्रंथच्या ग्रंथ भरले. ब्राउझरमधली यादी आपल्यापैकी किती जणांनी उघडून तरी पाहिली आहे?

मूळ शिक्का जपणं किती अवघड असतं, हेही आपल्या परंपरेला ठाऊक आहे. परदेशी राजे बिनमोहरेचं पत्र वाचत नाहीत असं कळल्यावर पैगंबरांनी (स.) चांदीची अंगठी करवून घेतली आणि तोच मजकूर दुसऱ्या कुणी कोरू नये असं बजावलं. ती अंगठी पुढे अबू बक्र आणि उमर यांच्याकडून उस्मान (रजि.) यांच्याकडे आली आणि मदिनेतल्या अरीस विहिरीत पडली. पुष्कळ शोधली, ती सापडली नाही.

आपल्या दख्खनमध्ये या व्यवहाराची रीत पक्की होती. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यात दोन वेगळी कामं आहेत. शिक्का पत्र कुणाचं ते सांगतो. मोर्तब मजकूर संपतो तिथे उमटवायची, म्हणजे तिच्याखाली मागाहून कुणी ओळ घुसडू नये. लांब कागद जोडून केलेला असेल तर पाठीमागे जोडावरही शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. डिजिटल सही हीच दोन कामं गणिताने करते. स्वल्पविराम हलला तरी सही मोडते. निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले, पण ही रीत टिकली. गावच्या महजरावर तर काझीच्या फारसी मोहरेखाली पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चित्रं असत. लिहिता न येणारा माणूसही साक्षीदार होता. मला ही पद्धत आजच्या यादीपेक्षा उजवी वाटते, कारण ज्याच्यावर विश्वास टाकायचा तो समोर बसलेला असे.

पण शिक्का खरा असून भागत नाही, तो मानणारा लागतो. पेशवाई बुडाली, कंपनीचा अंमल आला आणि 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदारांनी पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपलेल्या सनदा बाहेर काढल्या. त्या पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी पडताळल्या गेल्या. मेळ बसला नाही, किंवा देणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता असं ठरलं, की इनाम धोक्यात. मशिदी-देवळांच्या इनामांना वेगळा नियम होता, पण दाखला तिथेही द्यावाच लागे. यात बनावट कागद होतेच, पण राज्य बदलल्यावर कुणाचा शब्द प्रमाण मानायचा ही यादीही बदलली होती. नगरच्या शेतकऱ्याला दिसणारं पिवळं प्रश्नचिन्ह मला याच घराण्यातलं वाटतं.

उलट धोकाही आहे: यादीतला माणूसच चुकला तर? 2 जुलै 2014 रोजी गूगलला आढळलं की आपल्या काही डोमेनच्या नावाने कुणीतरी परस्पर प्रमाणपत्रं दिली आहेत. देणारी होती आपल्या केंद्र सरकारची एनआयसी. तिच्यावर सही सीसीएची आणि सीसीए मायक्रोसॉफ्टच्या यादीत. त्यामुळे विंडोजवरचे बरेच प्रोग्राम ती खरी मानायला मोकळे होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, तिच्यात सीसीए नव्हतं, म्हणून तो वाचला. सीसीएने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मध्यस्थ प्रमाणपत्रं रद्द केली. पुढे गूगलने क्रोममध्ये सीसीएवरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरता आखडता घेतला.

2019 च्या जुलैमध्ये कझाकस्तानने चूक होण्याचीही वाट पाहिली नाही. सरकारी मूळ प्रमाणपत्र आपापल्या ब्राउझरमध्ये घाला, असे संदेश राजधानीतल्या लोकांना मोबाइल कंपन्यांकडून आले. ते घातलं की सरकारला मधल्यामध्ये लखोटा उघडून, वाचून, पुन्हा बंद करता येणार होता आणि ब्राउझर कुलूप दाखवतच राहणार होता. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि ॲपलने ते प्रमाणपत्र अडवलं. म्हणजे एका देशाच्या नागरिकांची पत्रं वाचली जावीत की नाही, हे तीन अमेरिकी संस्थांनी ठरवलं. निर्णय योग्य होता. पण ठरवणारे कोण होते, हे मला खटकतं.

म्हणून सातबाऱ्यासाठी सीसीएचं प्रमाणपत्र घालायला माझी हरकत नाही, मात्र ते सीसीएच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावं आणि त्याचा अंगठा, म्हणजे थंबप्रिंटचे आकडे, जुळवून पाहावेत. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल किंवा कुणी पेनड्राइव्हवर दिलेलं 'सर्टिफिकेट' मुळीच घालू नये.

आणखी एक. 2025 मध्ये उम्मीद पोर्टल आलं आणि वक्फ मिळकतींचे तपशील त्यावर चढवण्यासाठी मुतवल्लींना सहा महिन्यांची मुदत मिळाली. जुन्या मोडी-फारसी सनदा त्या निमित्ताने पुन्हा पेटीबाहेर निघाल्या. ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी ते स्कॅन करताना पाठीमागची कोरी दिसणारी बाजूही घ्यावी. जोडावरचे शिक्के तिथेच असतात.