पीतज्वर लसीकरण

पीतज्वर लसीकरण म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या पीतज्वर (यलो फीव्हर) या विषाणुजन्य रोगापासून संरक्षण देण्यासाठी टोचली जाणारी लस व तिच्याशी निगडित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची व्यवस्था होय. आफ्रिका तसेच मध्य व दक्षिण अमेरिका या खंडांतील चाळीसहून अधिक देशांत हा रोग संपूर्णतः किंवा काही प्रदेशांपुरता प्रदेशनिष्ठ आहे. या देशांत जाणाऱ्या प्रवाशांना लस घ्यावी लागते आणि तेथून भारतात येणाऱ्या प्रत्येकाजवळ लसीकरणाचे वैध प्रमाणपत्र असणे आवश्यक असते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत (२००५) प्रवेशाची अट म्हणून ज्याच्या लसीकरणाचा नावानिशी उल्लेख आहे, असा हा एकमेव रोग आहे.

रोगाचे स्वरूप

पीतज्वराचा विषाणू फ्लॅव्हिव्हायरस या गटातील असून डेंग्यू, झिका व जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू त्याचे सगोत्र आहेत. डास चावल्यानंतर ३ ते ६ दिवसांत ताप, डोकेदुखी, पाठदुखी, स्नायूदुखी, मळमळ व उलट्या ही लक्षणे दिसतात. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात. थोड्या रुग्णांत मात्र ताप उतरल्यावर साधारण एका दिवसाच्या आत रोग अधिक तीव्र रूपात उलटतो. यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, त्वचा व डोळे पिवळे पडतात, तोंड, नाक व जठरातून रक्तस्राव होतो. या अवस्थेत पोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. ‘पीतज्वर’ हे नाव काविळीच्या या पिवळेपणावरूनच पडले आहे.

या रोगावर विषाणूचा नाश करणारे खात्रीचे औषध नाही. उपचार लक्षणांपुरते व रुग्णाला आधार देण्यापुरते मर्यादित राहतात. त्यामुळे प्रतिबंधाला, म्हणजेच लस व डासांपासून संरक्षण या दोन उपायांना, अनन्यसाधारण महत्त्व आहे.

संक्रमणाची चक्रे

जंगलात हा विषाणू माकडे व झाडांच्या ढोल्यांत वाढणारे डास यांच्यात फिरत राहतो. दक्षिण अमेरिकेत हीमॅगोगस व सॅबेथीस या प्रजातींचे डास त्याचे वाहक आहेत, तर आफ्रिकेत एडिस प्रजातीचे निरनिराळे डास हे काम करतात. लाकूडतोडे, शिकारी किंवा पर्यटक जंगलात गेल्यास त्यांना प्रसंगवशात लागण होते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत, जेथे माणसे व माकडे यांचा वावर एकमेकांजवळ असतो, तेथे संक्रमणाचे मधले चक्र आढळते. तिसरे चक्र शहरी असून ते सर्वांत घातक आहे. बाधित व्यक्ती दाट वस्तीत आल्यावर घरांभोवती वाढणारा एडिस इजिप्ती हा डास एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे विषाणू पोचवतो व अल्पावधीत साथ पसरते.

इतिहास

अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराबरोबर हा रोग आफ्रिकेतून अमेरिकेत पोचला असे मानले जाते. १७९३ मध्ये फिलाडेल्फिया शहरात व १८७८ मध्ये मेम्फिस शहरात आलेल्या साथींत प्रत्येकी सुमारे पाच हजार माणसे मृत्युमुखी पडली. पनामा कालवा खणण्याचा फ्रेंचांचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फसला, त्यामागे पीतज्वर व हिवताप यांनी घेतलेले हजारो कामगारांचे बळी हे एक मोठे कारण होते.

रोग दूषित हवेने किंवा रुग्णाच्या कपड्यांमुळे पसरतो अशी त्या काळी समजूत होती. क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये डास हाच वाहक असल्याचा सिद्धान्त मांडला, परंतु त्याकडे जवळजवळ वीस वर्षे दुर्लक्ष झाले. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी लष्करी आयोगाने क्यूबात प्रयोग करून फिनले यांचे म्हणणे सिद्ध केले. या कामात आयोगाचे सदस्य जेसी लझीअर यांचा पीतज्वरानेच मृत्यू झाला. त्यानंतर विल्यम गॉर्गस यांनी डासांच्या निर्मूलनाची मोहीम प्रथम हवाना शहरात व नंतर पनामात राबवली. पाण्याची भांडी झाकणे, डबकी बुजवणे, खिडक्यांना जाळ्या बसवणे व धूर देणे अशा साध्या उपायांनी तेथील पीतज्वर आटोक्यात आला आणि १९१४ मध्ये कालवा खुला झाला. लस उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधी केवळ डासांना आवर घालून हा रोग रोखता येतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यात आला. भारतात आढळणाऱ्या ऱ्हीसस जातीच्या माकडांना या रोगाची बाधा होते, हे याच संशोधनात दिसून आले व त्यामुळे प्रयोगशाळेत अभ्यास करणे शक्य झाले. या संशोधनात एड्रियन स्टोक्स (१९२७) व हिदेयो नोगुची (१९२८) हे शास्त्रज्ञ पीतज्वराने मरण पावले. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असिबीच्या रक्तातील याच विषाणूची ऊतींमध्ये वारंवार वाढ करून तो सौम्य केला आणि १९३७ मध्ये ‘१७डी’ ही लस सिद्ध केली. या कार्यासाठी थायलर यांना १९५१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लस

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पीतज्वराच्या सर्व लसी ‘१७डी’ पासूनच तयार होतात. कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवलेला जिवंत परंतु सौम्य केलेला विषाणू तीत असतो. लसीची ०.५ मिलिलिटरची एकच मात्रा त्वचेखाली किंवा स्नायूत टोचतात. १० दिवसांत ८० ते १०० टक्के व ३० दिवसांत सुमारे ९९ टक्के व्यक्तींत पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक मात्रा आयुष्यभराच्या संरक्षणास पुरेशी आहे. जगात आजवर साठ कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या आहेत.

लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. अनेक मात्रांच्या कुपीत द्रावण मिसळल्यावर ती सहा तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली लस टाकून द्यावी लागते. म्हणूनच अनेक केंद्रांवर आठवड्यातील ठरावीक वारीच व आगाऊ नोंदणी करून लस दिली जाते.

लस घेतल्यावर काहींना सौम्य ताप, अंगदुखी वा डोकेदुखी होते व ती काही दिवसांत थांबते. क्वचित प्रसंगी मज्जासंस्थेवर किंवा अंतर्गत अवयवांवर गंभीर परिणाम होतात.

कोणी लस घेऊ नये

सहा महिन्यांखालील अर्भकांना ही लस देत नाहीत. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना ती एरवी दिली जात नाही, साथीच्या काळात मात्र तिचा विचार होतो. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या, थायमस ग्रंथीचा विकार असलेल्या, तसेच कर्करोगावरील उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा एचआयव्ही संसर्ग यांमुळे प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण झालेल्या व्यक्तींना ती वर्ज्य आहे. गर्भवती व स्तनदा माता यांच्या बाबतीत, रोगाचा धोका व लसीचा धोका तोलून डॉक्टर निर्णय घेतात.

साठ वर्षांवरील व्यक्तीने ही लस प्रथमच घेतल्यास गंभीर परिणामांचे प्रमाण, अल्प असले तरी, तरुणांपेक्षा अधिक असते. ज्येष्ठ पर्यटकांनी प्रवास पक्का करण्यापूर्वीच डॉक्टरांशी चर्चा करणे त्यामुळे हिताचे ठरते. वैद्यकीय कारणास्तव लस न घेणाऱ्यास डॉक्टर तसे पत्र देऊ शकतात, मात्र ते मान्य करणे न करणे हे त्या त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांवर अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र

लस घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र दिले जाते. त्यावर प्रवाशाचे पारपत्राशी जुळणारे नाव, लसीचा दिनांक व गट क्रमांक, वैद्यकीय अधिकाऱ्याची सही व अधिकृत केंद्राचा शिक्का असणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्र लसीकरणानंतर दहाव्या दिवसापासून वैध होते, कारण प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास तेवढा अवधी लागतो. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात घेतलेली लस म्हणूनच उपयोगी पडत नाही. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे होती. ११ जुलै २०१६ पासून ते संबंधित व्यक्तीच्या हयातीपर्यंत ग्राह्य धरले जाते व जुन्या प्रमाणपत्रांनाही हाच नियम लागू आहे.

भारतातील स्थिती

भारतात पीतज्वराचा स्थानिक प्रसार आजवर झालेला नाही. तथापि रोग पसरण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी येथे आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास शहरोशहरी आढळतो आणि बहुसंख्य लोकसंख्येला या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. २०१५ च्या डिसेंबरात अंगोलाची राजधानी लुआंडा येथे सुरू झालेल्या साथीच्या काळात, तेथून परतलेले ११ बाधित प्रवासी २०१६ मध्ये चीनमध्ये आढळले. आशिया खंडात पीतज्वराचे रुग्ण नोंदले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. तेथे पुढे प्रसार झाला नाही, परंतु विमानप्रवासाच्या युगात हा रोग आशियाच्या दारापर्यंत येऊ शकतो हे त्यातून दिसले. त्याच वर्षी लसीच्या तुटवड्यामुळे किन्शासा शहरात मात्रेचा एक पंचमांश भाग देऊन लाखो लोकांचे लसीकरण करावे लागले.

या धोक्यामुळे भारताचे नियम कडक आहेत. बाधित देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात येणाऱ्या व्यक्तीस सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. ही मुदत रोगाच्या अधिशयन काळावर आधारलेली आहे. हा नियम परदेशी पर्यटकांप्रमाणेच भारतीय नागरिकांनाही लागू होतो.

लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ व बंदर आरोग्य संघटना आणि गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संघटना यांच्यामार्फत ती दिली जाते. आफ्रिकेत नोकरी-व्यवसायासाठी जाणारे, सफारीला जाणारे पर्यटक व व्यापारी जहाजांवरील खलाशी हे तिचे प्रमुख लाभार्थी होत.

डासांपासून संरक्षण

लस केवळ पीतज्वरापासून वाचवते. त्याच प्रदेशात आढळणारे डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका व हिवताप यांवर तिचा काही परिणाम होत नाही. म्हणून लस घेतलेल्या प्रवाशानेही डास चावू नयेत याची काळजी घ्यावी लागते.

एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतो. हिवताप पसरवणारा अॅनाफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. संरक्षण त्यामुळे दिवसरात्र लागते.

• कपडे : पूर्ण बाह्यांचे, सैल व फिकट रंगाचे कपडे, लांब विजार व मोजे वापरावेत. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर व मच्छरदाणीवर वापरतात, ते त्वचेवर लावू नये.
• डास प्रतिबंधक मलम वा फवारा : २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के इकॅरिडिन असलेले उत्पादन उघड्या त्वचेवर लावावे. सूर्यकिरणांपासून संरक्षण देणारे मलम लावायचे असल्यास ते आधी व डास प्रतिबंधक नंतर लावावे. दोन महिन्यांखालील अर्भकांना ते न लावता मच्छरदाणीचा वापर करावा.
• निवास : खिडक्यांना जाळ्या असलेली किंवा वातानुकूलित खोली निवडावी. एरवी कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे.
• पाणी : निवासाजवळील फुलदाण्या, बादल्या, जुने टायर व उघड्या टाक्या यांत साचलेले पाणी काढून टाकावे.

हिवतापाचा धोका असलेल्या प्रदेशात प्रतिबंधक गोळ्याही घ्याव्या लागतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत फाल्सीपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार प्रबळ असून तो क्लोरोक्विनला बहुतांशी दाद देत नाही. तेथे अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन यांपैकी एक औषध डॉक्टर सुचवतात. ते प्रवासापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही ठरावीक काळ, म्हणजे पहिले औषध सात दिवस व उरलेली दोन चार आठवडे, चालू ठेवावे लागते. घरी पोचल्यावर गोळ्या बंद करणे धोक्याचे असते.

अन्य लसी

प्रवासाचा देश, मुक्काम व ऋतू यांनुसार हिपॅटायटिस-ए, विषमज्वर, धनुर्वात, रेबीज व पोलिओ यांच्या लसींचा विचार केला जातो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत जाणाऱ्यांना मेंदूच्या आवरणाच्या दाहावरील मेनिंगोकॉकल लस सुचवली जाते. गोवर किंवा कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी पीतज्वराच्या लसीबरोबर एकाच दिवशी किंवा किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्याव्यात. हे सर्व साधण्यासाठी प्रवासापूर्वी सहा ते आठ आठवडे तयारी सुरू करणे योग्य ठरते.

परतल्यानंतर

परतल्यावर ताप आल्यास त्वरित डॉक्टरांकडे जाऊन कोणत्या देशात व किती दिवस राहिलो हे स्वतःहून सांगावे. फाल्सीपेरम हिवताप परतल्यावर कित्येक आठवड्यांनीही उद्भवू शकतो व उपचारास उशीर झाल्यास जीवघेणा ठरतो. रक्तचाचणीत निदान होईपर्यंत अॅस्पिरिन टाळावे, कारण डेंग्यू व पीतज्वर या दोहोंत ते रक्तस्राव वाढवू शकते.

पीतज्वराच्या रुग्णाच्या रक्तात ताप येण्याच्या किंचित आधीपासून पहिले तीन ते पाच दिवस विषाणू असतो. या काळात त्याला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्यास लागण करू शकतो. म्हणूनच आजारी प्रवाशाने आपल्या घरीही मच्छरदाणीत झोपणे हा सभोवतालच्या लोकांच्या रक्षणाचा भाग आहे.