सहाशे खिळ्यांची अडचण

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला आलेला पूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि शहराला पाणी देणारी उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चोहोबाजूंना पाणी असूनही नळाला थेंब नव्हता. एका सकाळी टँकरच्या रांगेत आम्हीही दोन घागरी घेऊन उभे होतो. तासाभराने आमची पाळी आली आणि टँकर रिकामा झाला. त्या क्षणी आमच्या तोंडून जे उद्गार निघाले ते धर्मगुरूला शोभणारे नव्हते. मागे उभ्या असलेल्या आमच्याच धर्मग्रामातील एका आजींनी शांतपणे विचारले, "फादर, गेल्या रविवारी सोशिकपणावर प्रवचन तुम्हीच दिलं होतं न्हवं?"

त्या रात्री वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासंबंधीची आमची जुनी टिपणे काढली. 'क्रिस्तपुराण' १९९६ साली फादर कारिदाद द्राग यांच्या संपादनाने पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. स्टीफन्स यांचा थोर कवी म्हणून परिचय त्या वेळीच झाला. मात्र किरकोळ त्रास सोसणारा माणूस म्हणून त्यांची ओळख आम्हांला त्या रात्री, रिकाम्या घागरीशेजारी झाली.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली झाला. त्या काळी तेथे कॅथलिक म्हणून जगणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात दाखल होण्याचा त्यांचा बेत होता, परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटे रोमला पोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये येशूसंघी झाले. मित्राच्या वाट्याला सुमारे ३० वर्षांचा तुरुंगवास आला. हिंदुस्थानातील आपल्या चाळीस वर्षांत स्टीफन्स यांना या गोष्टीची आठवण किती वेळा झाली असेल!

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. पुढे १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना जे पत्र लिहिले ते सुदैवाने टिकून आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ लाकडी जहाजात कोंडलेल्या तरुणाने तक्रारींचा पाढा वाचला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. विषुववृत्ताजवळ वारा पडून जहाजे दिवसचे दिवस जागच्या जागी राहतात, लोकांच्या हिरड्या सुजून त्या कापाव्या लागतात, पाय सुजतात, हे सर्व पत्रात आहे. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, पण दगावली केवळ २७, आणि मागच्या सफरींच्या मानाने ही हानी मोठी मानली गेली नाही, असे ते नोंदवतात. या 'केवळ' शब्दापाशी आम्ही थबकलो. हा निष्ठुरपणा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जे वाचले त्यांची मोजदाद करणारा तो शब्द आहे. त्याच पत्रात उडणारे मासे आहेत, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसणारा, लाटांवर तरंगणारा एक अद्भुत जीव आहे. प्रवाहांनी फसवल्यामुळे हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असता आपण सोकोत्रा बेटाजवळच आहोत, हे खलाशांना कळले तो प्रसंगही आहे. आणि पुढे खरोखर किनारा जवळ आल्याच्या खुणा आहेत: ओळखीचे पक्षी, ताडामाडाच्या फांद्या, पाण्यावर पोहणारे साप. कंटाळलेल्या माणसाला एवढे दिसत नाही.

गोव्यात ते साष्टीत काम करू लागले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघी सोबती मारले गेले. देवळे पाडल्यामुळे तेथील लोक संतप्त होते, आणि नंतर त्यांच्या म्होरक्यांनाही दग्याने ठार करण्यात आले. ही दुसरी बाजू आपण सांगितली पाहिजे. या पाच हुतात्म्यांना १८९३ साली धन्य घोषित करण्यात आले. त्यांचे सहकारी स्टीफन्स मात्र त्यानंतर ३६ वर्षे धातू, प्रत्यय आणि ओव्या यांत गुंतून राहिले आणि वेदीवर त्यांचे चित्र लागले नाही.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिले. येथील भाषा ऐकायला गोड आहेत, त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, त्यांतील वाक्यरचना विस्मयकारक आहेत, असे ते कौतुकाने कळवतात. आणखी एक बारकावा त्यांनी टिपला: येथील अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार असतो, आणि व्यंजने व स्वर जितक्या परींनी जुळतील तितकी अक्षरांची रूपे होतात. परभाषा शिकताना आम्हां बहुतेकांची चिडचिड होते ती नेमकी अशा ठिकाणी. स्टीफन्स यांना तेथे आनंद झाला.

पण याच आनंदाच्या वस्तूने पुढे त्यांची वाट अडवली. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी संघाचे महाप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांना लिहिले. हे क्लाउदिओ म्हणजे कुंकळ्ळीच्या रुदोल्फांचे काका. मलबारात तेथल्या लिपीत पुस्तके छापली गेली आहेत, तशी आपल्या प्रांतातही देशी भाषेत, देशी अक्षरांत छापावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, असे स्टीफन्स कळवतात. अडचण अशी की युरोपच्या लिपीला २४ अक्षरे पुरतात, तर येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. शिवाय वरिष्ठांची अनुज्ञाही हवी. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या लिपीचे त्यांनी कौतुक केले, तिनेच आता त्यांचा हात धरून ठेवला होता.

येथे आमच्या प्रवचनांतील एक चूक कबूल करावीशी वाटते. सोशिकपणा म्हणजे तोंडातून शब्द न काढणे, असे आम्ही नकळत शिकवत आलो. स्टीफन्स गप्प बसले नाहीत. अडचण काय आहे, किती खिळे लागतील, कोणाची परवानगी हवी, हे त्यांनी रोमपर्यंत कळवले. आणि उत्तराची वाट पाहत हातही बांधून बसले नाहीत. साष्टीतील नवख्रिस्ती माणसांची जुनी पुराणे गेली होती आणि त्यांच्या जागी काहीतरी वाचायला द्यावे, अशी त्यांची मागणी होती. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला हेच विनवतो. त्या माणसांना खिळ्यांसाठी थांबवून कसे चालेल?

म्हणून १६१६ साली रायतूर येथे, ज्याला आज राशोल म्हणतात, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. पहिल्या भागात ३६ आणि दुसऱ्यात ५९ असे त्याचे ९५ अध्याय आहेत. तेथे अध्यायाला अवस्वरू म्हणतात. ळ, ण, ठ यांना रोमन लिपीत जागा नाही. ज्यांना मराठीचे नाद इतके प्रिय होते त्यांनी आपले शब्द त्या परक्या अंगरख्यात पाहिले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. तरीही त्याच ग्रंथात त्यांनी मराठी भाषेचे जे गुणगान केले आहे त्यात कुरकुरीचा लवलेश नाही. जे हाती नव्हते त्याच्यापेक्षा जे कानी पडत होते त्याचेच त्यांना अगत्य अधिक होते.

१६१९ साली स्टीफन्स वारले. त्यांची 'दौत्रिना क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. दोन्ही पुस्तके त्यांना पाहायला मिळाली नाहीत. पुराणाच्या पुढे १६४९ व १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यात आणि मंगळुराकडे लोकांनी तो हाताने उतरून ठेवला. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळुरास तो पुन्हा छापला, अर्थात रोमन लिपीतच. विसाव्या शतकात लंडनमधील मार्सडेन संग्रहातील एक नागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आले. आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण पुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. खिळ्यांची ती अडचण दूर व्हायला ३४० वर्षे लागली.

पूर ओसरल्यावर त्या आजींच्या घरी आम्ही गेलो. भिंतीवर कमरेइतकी ओल होती आणि अंगणात गाद्या वाळत होत्या. सोबत नेलेल्या द्राग यांच्या आवृत्तीतून काही ओव्या आम्ही त्यांना वाचून दाखवल्या. शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आजींना त्यातील बरेचसे शब्द कळले. एका जुन्या शब्दापाशी मात्र त्या अडल्या. आम्हांलाही तो नीट आला नाही. मग त्यांच्या सुनेने चहा आणला आणि आम्ही तीच ओवी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.