आपल्या सोसायटीचे वकील

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मग घरी येऊन जुन्या फायली काढल्या आणि लक्षात आलं की आपला इतिहास म्हणजे गणपती, हळदीकुंकू, पाण्याची टाकी आणि वकील. पहिल्या तिन्ही विषयांवर लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत. वकिलांवर लिहायला कुणी पुढे येणार नाही, आणि अकरा वर्षं सेक्रेटरी राहिल्यामुळे त्यांच्या पायऱ्या सगळ्यात जास्त मीच झिजवल्या आहेत. तेव्हा हे काम माझं.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी थोडं मागचं. डोंबिवली पूर्वेला आपली ए आणि बी विंग उभी राहिली, ४८ फ्लॅट विकले गेले आणि १९९९ मध्ये सोसायटीची नोंदणी झाली. त्या दिवशी पेढे वाटले. इमारत आपली झाली असंच सगळ्यांना वाटत होतं. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाची, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याही डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारतीचं खरेदीखत, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायला हवं होतं. चार महिने गेले, चार वर्षं गेली. सातबाऱ्यावर बिल्डरच्या कंपनीचंच नाव राहिलं. विचारायला गेलं की चहा मिळायचा आणि ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर मिळायचं.

२००३ साली आपण पहिला वकील नेमला. कसा नेमला ते प्रामाणिकपणे सांगतो. कमिटीतल्या एकाच्या मेहुण्याचे ते मित्र. कल्याण कोर्टात त्यांचं काम मुख्यतः फौजदारी, जामीन वगैरे. ‘फी कमी घेतील’ एवढ्या एका वाक्यावर आम्ही वकीलपत्रावर सह्या केल्या. जमिनीच्या कामाचा अनुभव आहे का, आधी किती कन्व्हेयन्स करून दिलेत, तारखेला स्वतः येणार की ज्युनियरला पाठवणार, यातलं काही विचारलं नाही. फ्रीज घेताना आम्ही यापेक्षा जास्त चौकशी केली होती. दावा दाखल झाला. पहिली दोन वर्षं आम्ही तारखेला जात होतो, मग जाणं सुटलं. २००९ मध्ये सहज चौकशी केली तर कळलं की कुणीच हजर न राहिल्यामुळे दावा केव्हाच काढून टाकला आहे. वकीलसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, आधीची फी बाकी आहे, ती द्या आणि कागद घेऊन जा. आम्ही मुकाट्याने पैसे दिले. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला होता, हे मला नंतर कळलं.

आता मधला एक प्रसंग सांगावा लागेल. तो सांगू की नको यावर मी बरेच दिवस घालवले. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितो आहे.

२००६ मध्ये ए-विंगमधले माझे एक मित्र गेले. रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जायचो. त्यांनी नॉमिनेशनच्या फॉर्मवर थोरल्या मुलाचं नाव लिहिलं होतं. मृत्युपत्र नव्हतं. मी सेक्रेटरी. दुःखात असलेल्या घराला कागदपत्रांचा त्रास नको, या चांगल्या हेतूने मी महिन्याभरात शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव चढवलं आणि त्याला म्हटलं, ‘आता मालक तू.’ घरात आई होती, लग्न झालेल्या दोन बहिणी होत्या. त्यांना विचारायचं असतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दोन वर्षांनी मुलाने फ्लॅट विकायला काढला, बयाणाही घेतला. आणि एका संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ‘भाऊजी, माझं घर तुम्ही कुणाच्या नावावर केलंत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ दिवसांत बहिणींच्या वकिलाची नोटीस सोसायटीला आली. ठाण्याच्या वकीलबाई होत्या. दोनच पानांची नोटीस. धमकी नाही, मोठमोठी विशेषणं नाहीत. ती वाचून मला पहिल्यांदा कळलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या पैशाबद्दल १९८३ सालीच, सरबती देवींच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नॉमिनी फक्त पैसे हातात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली यांचा वाटा सारखा. लग्न झालेली मुलगी म्हणून कमी नाही. पुढे २०१६ मध्ये बंगालमधल्या एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सोसायटीने नॉमिनेशनप्रमाणेच नाव लावावं, मात्र घरच्यांना आपला हक्क कोर्टात मागायची मोकळीक आहे. म्हणजे नाव लावण्यात माझं फार चुकलं असं नाही. चुकलं ते ‘आता मालक तू’ म्हणण्यात. ते वाक्य त्या मुलाने खरं मानलं, घेणाऱ्याने खरं मानलं, आणि भावंडं तीन वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. २०१९ पासून आपल्या सहकार कायद्यातच लिहिलं आहे की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. ही ओळ २००६ मध्ये असती तर, असं मला अजूनही वाटतं.

शेवटी कोर्टाबाहेर मिटलं. विक्री थांबली, बयाणा परत गेला, कौटुंबिक व्यवस्थेचा लेख झाला. वहिनी हयातभर तिथेच राहतील, आणि फ्लॅट तिन्ही भावंडांच्या नावावर. तो लेख वकीलबाईंनीच केला. मुलाच्या बाजूच्या वकिलांनीही त्यात खोडा घातला नाही, हे त्यांचं श्रेय.

२०११ मध्ये कन्व्हेयन्ससाठी पुन्हा वकील शोधायची वेळ आली. २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात नवी वाट झाली होती, आणि २०१० मध्ये तिचे नियम आले. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि त्यांनी सुनावणी घेऊन दाखला द्यायचा. यालाच आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो, सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण. कमिटीपुढे दोन नावं होती. एक वकीलसाहेब म्हणाले, आत्ता काही देऊ नका, काम झालं की मालमत्तेच्या किमतीचे दोन टक्के द्या. सभेत टाळ्या पडायच्या बाकी होत्या. मी हट्टाने म्हटलं, ज्या बाईंनी आपल्याला नोटीस पाठवली त्यांनाही एकदा विचारू. त्या आल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, ‘निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. मी टप्प्याटप्प्याने घेईन, प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहून देईन. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, आर्किटेक्टची फी वेगळी.’ मग त्यांनी आम्हालाच प्रश्न विचारले. ४८ करारनामे आहेत का? नोंदवलेले आहेत का? इंडेक्स टू आहे? मंजूर नकाशा? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

करारनामे जमवायला आम्हाला सहा वर्षं लागली. हे वाचून तरुण मंडळी हसतील. पण कुणाचा करारनामा बँकेत, कुणाचा गावच्या ट्रंकेत, एकाचा माळ्यावर वाळवीने खाल्लेला. तिसऱ्यांदा विकलेल्या फ्लॅटचे मधले कागद गायब. शिवाय वर्गणी. घरटी आठ हजार म्हटल्यावर बी-विंगने विचारलं की आमचे फ्लॅट लहान, मग सारखे पैसे का? त्यावर तीन सभा झाल्या, एकीत खुर्ची मोडली. (ती खुर्ची अजून ऑफिसात आहे. तारेने बांधलेली.) २०१८ च्या जानेवारीत एकदाचा अर्ज दाखल झाला.

आणि त्याच वर्षी बिल्डरच्या कंपनीचं दिवाळं वाजलं.

आमच्या लहानपणी दिवाळं म्हणजे दुकानाला कुलूप आणि माणूस परागंदा. इंग्रजांनी त्यासाठी दोन कायदे केले होते, मुंबई-कलकत्ता-मद्रास शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा. कंपन्यांसाठी मात्र २०१६ चा नवा कायदा आला. त्यात धनको कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जातो, अर्ज स्वीकारला गेला की संचालकांच्या हातून कारभार काढून एका व्यावसायिकाकडे दिला जातो, आणि कंपनीविरुद्धचे दावे जिथल्या तिथे थांबतात. एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते की ज्यांचं देणं असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत कळवावं. ही सूचना आपल्या बी-विंगमधल्या एका काकूंनी रद्दी बांधताना पाहिली. सूचनेतली तारीख उलटून गेली होती. कंपनीचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून त्यांनी कागद कापून ठेवला आणि मला आणून दिला. त्यांचे आभार आपण कधी जाहीरपणे मानले नाहीत, ते इथे मानतो.

मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘काका, हे काम माझं नाही. मुंबईला जे रोज त्या न्यायाधिकरणात उभे राहतात त्यांच्याकडे जा, मी कागद तयार करून देते.’ हातचं काम दुसऱ्याकडे पाठवणारा वकील मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिसरे वकील तरुण होते, आमच्या मुलांच्या वयाचे. त्यांनी सांगितलं की सूचनेतली मुदत गेली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० व्या दिवसापर्यंत दावा देता येतो. आमच्या हातात तेवीस दिवस होते.

खरी भीती पैशाची नव्हती. कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत आपला सर्व्हे नंबर अख्खाच्या अख्खा लिहिलेला होता. सातबाऱ्यावर नाव कंपनीचं, म्हणजे जमीन कंपनीची, असा त्यांचा साधा हिशोब. त्या जमिनीवर बँकेचा बोजाही दाखवला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. सहा वर्षं ज्या करारनाम्यांसाठी भांडलो तेच मग कामाला आले. मोफा कायद्यात असं आहे की फ्लॅटचा करार झाल्यावर घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बिल्डरला ती मालमत्ता गहाण टाकता येत नाही, आणि टाकली तरी घेणाऱ्याचा हक्क बाधित होत नाही. आपले ४८ च्या ४८ करार बँकेच्या बोज्याआधीचे होते. प्रत्येकाची इंडेक्स टू जोडली, मंजूर नकाशा जोडला, दोन गठ्ठे बांधून चर्चगेटपर्यंत नेले. नंतर त्यांचा मूल्यांकन करणारा माणूस पाहणीला आला, वाळत घातलेले कपडे आणि सायकलीवरची मुलं बघून गेला. दोन महिन्यांनी इमारतीखालची जमीन यादीतून वगळली.

मागचं मैदान मात्र गेलं. जिथे आपली मुलं क्रिकेट खेळली, दोन लग्नांचे मांडव पडले, ते मैदान मंजूर नकाशात आपल्या इमारतीच्या हद्दीत कधीच नव्हतं. आपण ते आपलं धरून चाललो होतो. नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला तो २०११ नंतर, आणि तेव्हाही कुणी मैदानाचं नाव काढलं नाही, मीही नाही. २०२० मध्ये ती कंपनी दुसऱ्या विकासकाने घेतली. आज खिडकीतून जो टॉवर दिसतो तो तिथेच उभा आहे. बिल्डरने सुरुवातीला आपल्याकडून देखभालीसाठी घेतलेली ठेव परत मिळावी म्हणूनही दावा लावला होता. त्यातून काही हाती आलं नाही.

दिवाळखोरीची प्रक्रिया संपल्यावर आपला थांबलेला अर्ज पुन्हा सुरू झाला. २०२१ मध्ये आदेश निघाला, २०२२ मध्ये नोंदणी झाली, पुढे फेरफार होऊन सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं. तेव्हा पुन्हा पेढे वाटले. १९९९ मध्ये पेढे वाटणाऱ्या सातजणांपैकी तिघे होते.

मी स्वतःचं मृत्युपत्र गेल्या वर्षी केलं. मला वाटलं होतं स्टॅम्प पेपर लागेल. वकीलबाई म्हणाल्या, साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी मी करून घेतली, मनाच्या समाधानासाठी. साक्षीदारांपैकी एक ए-विंगमधल्या माझ्या मित्राचा तो थोरला मुलगा आहे.

नॉमिनेशनचे फॉर्म अजून १७ फ्लॅटचे बाकी आहेत. ऑफिसात मिळतात. कन्व्हेयन्सचा मूळ दस्त, आदेशाची प्रत, नवा सातबारा आणि ४८ करारनाम्यांच्या प्रती लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फायलीत आहेत. एक किल्ली सेक्रेटरींकडे, दुसरी खजिनदारांकडे. तिसऱ्या वकिलांचा दुसऱ्या गठ्ठ्यावरचा पोच-शिक्काही त्यातच आहे, तो कुणी फालतू कागद समजून काढून टाकू नये.