जुन्याच टॉवरवरून जास्त वीज : स्मार्ट ग्रीड म्हणजे काय? आपल्या मोटारपंपाला किती फायदा?

चामोर्शी : रोवणीच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात अन् व्होल्टेज पडते. शेजारी चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे वीज केंद्र, तरी आपल्याला वीज कमी का, असे लोक विचारतात. वीज तयार होणे वेगळे अन् ती तारेतून आपल्यापर्यंत येणे वेगळे, हे त्याचे उत्तर.

तारेला मर्यादा कशाची?
भार वाढला की तार तापते, लांबते अन् खाली झोळ येतो. झाडाजवळ आली की धोका. म्हणून कडक ऊन अन् कमी वारा धरून तारेची मर्यादा ठरवतात. थंडीत, वाऱ्यात तीच तार जास्त वीज नेऊ शकते.

क्षमता कशी वाढते?
१) सेन्सर : तारेचे तापमान अन् झोळ सतत मोजून त्या वेळेपुरती मर्यादा वाढवता येते.
२) नवी तार : जास्त तापूनही कमी झुकणारी तार जुन्याच टॉवरवर ओढली तर जवळपास दुप्पट वीज जाऊ शकते.
३) डीसी लाईन : चंद्रपूर ते पडघा (जि. ठाणे) ही ५०० केव्हीची, सुमारे ७५० किमी लांब लाईन १९९९ पासून चालू आहे. क्षमता १५०० मेगावॅट. साध्या एसी लाईनवर वीज आपली वाट आपणच धरते. इथे किती पाठवायची हे नियंत्रण कक्षातून ठरते.

आपल्या जिल्ह्यात नवी लाईन म्हणजे वनखात्याची परवानगी अन् झाडतोड. जुन्याच टॉवरवर काम भागले तर जंगल वाचते.

पंपापर्यंत काय पोचते?
मोठ्या लाईनी महापारेषणच्या. ११ केव्ही फीडर अन् डीपी महावितरणची. वरची लाईन मजबूत झाली, पण डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त मोटारी असतील तर व्होल्टेज पडणारच. म्हणून :
• मोटारीला योग्य कॅपॅसिटर लावा.
• ऑटो स्विच काढा. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी जळते.
• वाढीव लोड मंजूर करून घ्या.

तक्रारीआधी पाहा : एकाच डीपीवर व्होल्टेज कमी असेल तर दोष बहुधा तिथेच, सगळ्या गावात कमी असेल तर फीडर किंवा उपकेंद्राचा. १९१२ वर फोन करताना हे नक्की सांगा.