वाचनालय आणि संग्रहालय : ठाणे, कल्याण, डोंबिवली

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना ‘महाराष्ट्र सारस्वत’चा उल्लेख पहिल्या एकदोन तासांतच येतो. विनायक लक्ष्मण भावे हे नाव फळ्यावर लिहिले जाते, मतांतरे सांगितली जातात आणि आपण पुढच्या इतिहासकाराकडे वळतो. या ग्रंथाचे कर्ते मराठीचे प्राध्यापक नव्हते, ठाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावात राहत होते, आणि वाङ्मयाचा इतिहास लिहिण्यापूर्वी त्यांनी गावात मराठी पुस्तकांचा संग्रह उभा करण्याचा उद्योग केला होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले तेव्हा भाव्यांचे वय एकवीस होते.

त्या काळी महाराष्ट्रात ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीला १८२८ पासून, नाशिकला १८४० पासून आणि पुण्याला १८४८ पासून ग्रंथालय होते. १८५० च्या सुमारास कोल्हापूर आणि खुद्द ठाणेही त्या यादीत आले. आजचे ठाणे नगर वाचन मंदिर ते हेच. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. यांपैकी बऱ्याच संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झाल्या, आणि त्या नावातच त्यांचा स्वभाव दिसतो. गोरा अधिकारी, गावातले शेठ, वकील, कारकून आणि मास्तर यांच्या वर्गणीतून त्या निघाल्या. तेथे इंग्रजी ग्रंथ असत, वर्तमानपत्रे येत, आणि त्यांच्या निमित्ताने चार लोक संध्याकाळी एकत्र बसत. मराठी पुस्तकेही असत. पण मराठीतले सारे छापील पुस्तक गोळा करावे, असा हेतू त्यांच्यापुढे नव्हता.

ठाण्याच्या नव्या संस्थेने आपल्या नावात ‘मराठी’ हा शब्द आधी घातला आणि ‘वाचनालय’ हा शब्द टाळून ‘ग्रंथ संग्रहालय’ हा शब्द घेतला. वाचनालयात पुस्तक वाचकासाठी येते. वाचक नसेल तर ते ओझे होते. संग्रहालयात पुस्तक येते कारण ते मराठीत छापले गेले आहे. ते आज कोणी मागत नाही, हे ते काढून टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. गावाच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने असा हेतू धरणे हे धाडसच म्हणावे लागेल, कारण वर्गणी देणाऱ्याला सहसा ताजी कादंबरी हवी असते.

हा हेतू त्याच सुमारास का निर्माण व्हावा, हे समजण्यासाठी सरकारी दप्तराकडे वळले पाहिजे. मुंबई इलाख्यातील देशी भाषांतल्या पुस्तकांची सर अलेक्झांडर ग्रँट यांनी केलेली यादी १८६७ साली प्रसिद्ध झाली. ती १८६४ अखेरपर्यंतच्या प्रकाशनांची आहे. १८६७ सालीच छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करणे आता बंधनकारक झाले. कायद्याचा उद्देश वाङ्मयप्रेम नव्हता, देखरेख हा होता. तथापि त्यामुळे नोंदी झाल्या, आणि पुस्तके समुद्रापलीकडेही गेली. १८९२ साली ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ठाण्याचा संग्रह सुरू झाला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. या दोन घटनांचा परस्परसंबंध होता असे मला म्हणायचे नाही. पण मराठी मुद्रित पुस्तकांची पद्धतशीर मांडणी त्या वर्षी जितकी लंडनमध्ये होती तितकी महाराष्ट्रातल्या कोणत्याही पेठेत नव्हती, आणि ही उणीव खाडीकाठच्या एका गावाने मनावर घेतली, एवढे नोंदवावेसे वाटते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली झाली. नावाचा नमुना ठाण्याचाच.

१८९८ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारे आपले इंग्रजी टिपण याच वर्षी लिहिले, आणि ‘सारस्वता’चे पहिले लेखनही याच सुमारास विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून येऊ लागले. रानड्यांची नजर वाढीच्या हिशेबाकडे होती: किती पुस्तके, कोणत्या विषयांवर, पूर्वीपेक्षा किती अधिक. भाव्यांचे मन जुन्या कवींत आणि त्यांच्या हस्तलिखितांत रमले. १९१९ च्या आवृत्तीत त्यांनी महानुभाव वाङ्मयाची जी भर घातली ती या स्वभावाला धरूनच होती. जे कपाटात नव्हते ते शोधून आणायचे आणि मग इतिहास नव्याने लिहायचा. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथाला पुरवणी जोडली. भाव्यांची कालनिश्चिती आणि कवींविषयीचे त्यांचे अभिप्राय आज जसेच्या तसे कोणी स्वीकारणार नाही. त्यांची जमवाजमव मात्र जुनी झालेली नाही.

ठाण्याला हे जमले त्यामागे गावाची घडणही होती. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेरी, कोर्ट आणि शाळा यांत नोकरी करणारा वाचता वर्ग तेथे राहत होता, आणि कामावर तो पायी जात होता. ‘अरुणोदय’सारखे साप्ताहिक १८६६ पासून येथून निघत होते. मुंबईची गाडी तर १६ एप्रिल १८५३ पासूनच दारात आलेली. पण तिने गावाचा दिवस अजून आपल्या वेळापत्रकाला बांधला नव्हता. संध्याकाळ गावाची होती.

पुढच्या शतकात ही संध्याकाळ हळूहळू गेली. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली होती, पण या पट्ट्याचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते गिरगाव, दादर, परळ येथील जागा अपुऱ्या पडून मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने डोंबिवलीकडे सरकू लागली तेव्हा. कल्याण हे बंदराचे, वाड्यांचे, आळ्यांचे जुने शहर. डोंबिवलीला तसा वारसा नव्हता. तेथे साहित्यिक आले तेही बिऱ्हाड करून. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीत राहिले. (ठाण्याचे भावे आणि डोंबिवलीचे भावे यांची विद्यार्थी परीक्षेत गल्लत करतात, हा मराठीच्या शिक्षकांचा नेहमीचा अनुभव असावा.) २०१७ चे अखिल भारतीय साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले तेव्हा संमेलननगरीला पु. भा. भाव्यांचेच नाव होते.

सकाळी गाडी पकडून रात्री परतणाऱ्या माणसाला वाचनालयात बसायला वेळ नसतो. त्याला पुस्तक घरी न्यायचे असते, आणि तेही स्टेशनवरून घरी जाण्याच्या वाटेवर. म्हणून डोंबिवलीत आणि ठाण्याच्या नौपाड्यासारख्या वस्त्यांत खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या वाढल्या. १९८६ साली सुरू झालेली डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी हे त्यातले सर्वपरिचित नाव. महिन्याची वर्गणी, एक पुस्तक, एक मासिक. दिवाळीनंतर ठरावीक रकमेत वाटेल तितके दिवाळी अंक. या व्यवस्थेकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी नाक मुरडले, ते अन्यायाचे होते. सभासदत्व एकाच्या नावावर असे, वाचत सगळे घर. आणि पुस्तक निवडून आणण्याचे काम पुष्कळदा गृहिणीकडे असे. जुन्या नेटिव्ह लायब्रऱ्यांच्या बैठकीत जिला जागा नव्हती, ती येथे काउंटरशी उभी राहून हवे ते मागू लागली. कल्याणच्या घराण्यातल्या आनंदीबाई जोशींचे शिक्षण पतीच्या आग्रहातून झाले. शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला असा आग्रही पती गाठण्याची गरज उरली नव्हती, हा बदल लहान नाही.

पण सर्क्युलेटिंग लायब्ररी पुस्तक फिरवते, ते राखणे हे तिचे काम नव्हे. बाबा कदमांची किंवा सुहास शिरवळकरांची कादंबरी पन्नास घरे हिंडून आली की तिची पाने सुटतात, मग ती रद्दीत जाते, आणि तिच्या जागी नवी येते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ही पुस्तके बहुधा घेतलीच नाहीत. म्हणजे ज्या वाङ्मयाने या शहरांतली तीन-चार दशके खरोखर व्यापली, त्याच्या पहिल्या आवृत्त्या उद्या कोणाला पाहायच्या झाल्या तर शोधाव्याच लागतील. १८९३ साली जी अडचण बखरी, पोथ्या आणि आरंभीच्या छापील पुस्तकांविषयी होती, तीच आता लोकप्रिय कादंबरीविषयी उभी राहिली आहे.

सार्वजनिक ग्रंथालयांची स्थिती या बाबतीत फारशी सुखाची नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग झाले, वर्गाप्रमाणे अनुदान ठरले. स्वतंत्र ग्रंथालय कर मात्र या कायद्याने बसवला नाही, त्यामुळे संस्था सरकारच्या तरतुदीकडे डोळे लावून बसतात. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके आणि सभासद यांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींवर. शंभर वर्षांपूर्वीची एकमेव प्रत आणि मागच्या वर्षी घेतलेले अभ्यासक्रमाचे गाईड यांची मोजणी एकाच आकड्यात होते. कागद पिवळा पडून मोडू लागला की बांधणीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न कार्यकारिणीच्या सभेत येतो, आणि बहुधा पुढच्या सभेवर जातो.

शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. अशी सूची एका माणसाच्या चिकाटीने होते हे खरे. परंतु ती होण्यासाठी गावोगावच्या कोणी तरी पुस्तके कपाटात ठेवलेली असावी लागतात. १९५० नंतरच्या मराठी पुस्तकांची सूची त्याच तपशिलाने करू पाहणाऱ्याला आज दादर किंवा पुणे येथे जावे लागेलच. त्याने ठाण्याच्या ग्रंथ संग्रहालयात आणि कल्याणच्या वाचनालयातही जावे, आणि डोंबिवलीत एखादी खासगी लायब्ररी बंद होत असल्याचे कळले तर रद्दीवाल्याच्या आधी तेथे पोचावे.