नीरा कालव्याकाठचा धूर

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. बारामती-इंदापूरच्या ज्वारी-बाजरीच्या माळावर त्यामुळे ऊस उभा राहिला आणि उसामागोमाग गुऱ्हाळे आली. काहिलीतला रस आटवायला चुलाणाचा जाळ अखंड लागे; सरपण म्हणजे वाळलेले चिपाड. धूर हंगामी झाला तो तेव्हापासून.

१९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाचा साखर कारखाना इंदापूर तालुक्यात उभा राहिला. त्याभोवती वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. चिपाड आता बॉयलरमध्ये जळू लागले. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यानंतर धुराड्यांवर राख अडवणारी यंत्रे बसवणे कारखान्यांना टाळता येईना. उसाच्या वाळल्या पानांना, म्हणजे पाचटाला, मात्र धुराडे नाही. वाढे जनावरांना जाते, पाचट रानातच उरते. खोडवा राखायचा तर काडी लावणे सर्वांत सोपे. मजूरटंचाईचे कारण खरे, पण सवयीचा वाटाही लहान नाही.

असा धूर थांबला तर पृथ्वीचे तापमान वाढेल की घटेल, हे त्यातल्या कणांवर ठरते. काजळी ऊन शोषून हवा तापवते. कोळसा आणि जहाजांचे तेल यांतल्या गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण उलट ऊन परतवतात, ढगही अधिक उजळ करतात. १९९९ च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत उपखंडावरून हिंदी महासागरावर पसरलेले हिवाळी धुरके मोजले गेले. त्यात दोन्ही प्रकारचे कण होते. हरितगृह वायूंमुळे होणाऱ्या तापमानवाढीपैकी सुमारे अर्धा अंश अशा कणांनी झाकून ठेवला आहे, असा ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा २०२१ चा अंदाज आहे. चीनने २०१३ नंतर हवा स्वच्छ केली. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा २०२० मध्ये ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. झाकलेली वाढ त्यामुळे उघडी पडू लागली. कण आठवडाभरात पावसाने धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. म्हणून नुसते कण घटवून भागत नाही.

पाचट आणि चिपाडात गंधक नगण्य. त्यांच्या धुरातली काजळी तापवते, सेंद्रिय कण थंडावा देतात, आणि जगभरच्या हिशेबात हे दोन परिणाम बरेचसे एकमेकांना खोडतात. तेव्हा बारामतीचे पाचट न जाळल्याने जगाचे तापमान फारसे हलणार नाही. फायदा गावातल्या श्वासाला आणि जमिनीला. जाळल्यावर पाचटातला बहुतेक नत्र हवेत जातो. पाचट सरीत आच्छादन करून कुजवले तर तो नत्र मातीत मुरतो, ओल टिकते आणि खोडव्याच्या पाण्याच्या पाळ्याही लांबवता येतात.