वार्धक्य, मोटार आणि दंडनीति

अपराध्याचें वय पाहून दंड कमी करावा कीं करूं नये, हा वाद आजकालचा नव्हे. चीनमधील तांग घराण्याच्या दंडसंहितेवरील राजमान्य भाष्य इ. स. ६५३ मध्यें पूर्ण झालें. त्या संहितेंत वृद्धांसाठीं तीन पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. सत्तरी उलटलेल्या माणसाकडून हद्दपारीच्या किंवा त्याहून हलक्या शिक्षेचा अपराध घडला, तर त्यानें सरकारांत तांबें भरून सुटका करून घ्यावी. ऐशीं वर्षांवरील माणसाच्या हातून खुनासारखा देहान्त शिक्षेचा गुन्हा झाला, तर न्यायाधीशानें स्वतः निकाल न देतां तें प्रकरण बादशहापुढें न्यावें. आणि नव्वदी गाठलेल्याला, त्याचप्रमाणें सात वर्षांच्या बालकाला, देहान्ताचा अपराध केला असतांही शिक्षा करूं नये. जपाननें ही व्यवस्था थोड्याफार फरकानें उचलली. ७५७ मध्यें तेथें अमलांत आलेल्या योरो संहितेंत याच पायऱ्या दिसतात. आमच्या धर्मशास्त्रकारांनींही ऐशीं वर्षें ओलांडलेल्यास, सोळा वर्षांच्या आंतील मुलास, स्त्रियांस आणि रोग्यांस अर्ध्या प्रायश्चित्ताची सवलत दिली आहे. एकमेकांपासून इतक्या दूर बसलेल्या शास्त्रकारांचें या एका बाबतींत मत जुळावें, हें मौजेचें आहे.

ही सवलत दयेपोटीं दिली, असें आपण सहज म्हणतों. दया होतीच, परंतु त्या दयेच्या खालीं एक व्यवहारी गृहीतही होतें, असें आम्हांस वाटतें. म्हाताऱ्यानें रागाच्या भरांत काठी उगारली, तरी ती धरून ठेवायला घरांतला दहा वर्षांचा नातू पुरतो. माणसाच्या हातून होणारा अपाय त्याच्या हातापायांच्या बळाइतकाच असे, आणि वय वाढेल तसतसें तें बळ आपोआप ओसरत जाई. बालक आणि वृद्ध यांना एकाच पंक्तीला बसविण्याचें धैर्य राजसत्तेला झालें तें यामुळेंच. मोटारीनें हें गृहीत मोडून टाकलें. टनाहून अधिक वजनाचें यंत्र पायाच्या एका दाबानें धावूं लागतें, आणि दाबणारा पाय विशीचा आहे कीं नव्वदीचा, याची त्या यंत्राला ओळख नसते. मनुष्य थकला, पण त्याची अपाय करण्याची शक्ति मात्र थकली नाहीं, अशी स्थिति दंडनीतीच्या इतिहासांत पूर्वी कधीं आलीच नव्हती. मग जुनी दया जशीच्या तशी चालवावी काय? गेल्या वीसपंचवीस वर्षांत दोन देशांच्या न्यायालयांपुढें हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांनीं दिलेलीं उत्तरें एकमेकांच्या अगदीं उलट आहेत.

पहिलें उत्तर अमेरिकेंतलें. कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका या गांवीं बुधवारीं शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १६ जुलै २००३ रोजीं ८६ वर्षांच्या एका गृहस्थाची मोटार त्या गजबजलेल्या रस्त्यांत शिरली आणि सुमारें ३०० मीटर माणसांतून धांवत गेली. दहा माणसें मेलीं, साठांहून अधिक जखमी झालीं. बचावाचें म्हणणें असें कीं, गृहस्थाचा पाय ब्रेकऐवजीं चुकून दुसऱ्या पट्टीवर पडला. सरकार पक्षानें ती घोर बेपर्वाई ठरविली, आणि २००६ च्या ऑक्टोबरांत ज्यूरीनें दहाही मृत्यूंबद्दल त्यांना दोषी धरलें. पण पुढील महिन्यांत शिक्षा सांगण्याची वेळ आली तेव्हां न्यायाधीशानें तुरुंग टाळला. हा मनुष्य तुरुंगाला पात्र आहे, असें म्हणूनही त्यांनीं त्याचें हृदयरोगानें जर्जर झालेलें शरीर व सरकारावर पडणारा शुश्रूषेचा भार पाहून पांच वर्षांच्या देखरेखीवर त्याला घरीं सोडलें. २०१० सालीं तो वारला.

या निकालांत एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी कीं, दोष सिद्ध झाला, तो नोंदला गेला. मृतांच्या आप्तांना 'तो अपघातच होता' हें वाक्य सरकारी मुखानें ऐकावें लागलें नाहीं. अडचण अशी कीं, तुरुंगांत न पाठविण्याचें कारण खर्चाचें निघालें. न्यायदेवतेच्या तागडींत औषधाचीं बिलें कोणीं घालूं नयेत! शिवाय देशाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानें २००४ सालींच आपल्या अहवालांत पायाच्या चुकीबरोबर बाजाराच्या तोंडाशीं भक्कम अडथळा नव्हता, याकडेही बोट दाखविलें होतें. म्हणजे दोषाचा कांहीं वांटा गांवाकडेही जात होता, आणि तो शिक्षेंत नव्हे, तर नुकसानभरपाईंत फेडला गेला.

दुसरें उत्तर त्याच जपानांतलें, जेथें एके काळीं नव्वदीच्या माणसाला देहान्ताचा अपराधही माफ होता. १९ एप्रिल २०१९ रोजीं तोकियोच्या इकेबुकुरो भागांत ८७ वर्षांच्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची मोटार ताशीं ९० किलोमीटरांहून अधिक वेगानें चौकांत घुसली. सायकलवरून जाणारी ३१ वर्षांची माता व तिची तीन वर्षांची मुलगी जागच्या जागीं गेल्या. नऊ जण जखमी झाले. हा अधिकारी मोठ्या हुद्द्यावर होता, त्याला राजमान्य पदकही मिळालें होतें, आणि स्वतः जखमी होऊन इस्पितळांत असल्यानें त्याला पोलिसांनीं अटक केली नाहीं. लोकांनीं याचा अर्थ आपल्यापरीनें लावला. 'वरच्या वर्गाचा नागरिक' असा एक टोचणारा शब्द त्या दिवसांत जपानभर फिरला. मृत स्त्रीच्या तरुण पतीनें कडक शिक्षेसाठीं अर्ज फिरविला, त्यावर सुमारें ३,९०,००० सह्या झाल्या. आरोपीनें मात्र कोर्टांत आपला दोष नाकारून मोटारींत बिघाड झाल्याचें सांगितलें. कोर्टानें तें मानलें नाहीं. सरकार पक्षानें कायद्यांतली पुरी सात वर्षें मागितलीं होतीं. २ सप्टेंबर २०२१ रोजीं पांच वर्षांची साधी कैद सांगण्यांत आली. अपील झालें नाहीं. नव्वद वर्षांचा तो मनुष्य ऑक्टोबरांत तुरुंगांत गेला आणि २०२४ सालीं, ९३ व्या वर्षीं, तुरुंगांतच वारला. त्या आधीं कांहीं महिने त्या पतीनें तेथें जाऊन त्याची भेट घेतली होती.

जपानच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत ४८२ वें कलम आहे; कैदी सत्तरी ओलांडलेला असेल तर सरकारी वकिलाला शिक्षेची अंमलबजावणी थांबवितां येते. जुन्या संहितेची ती शेवटची खूण म्हणावयाची. इकेबुकुरोच्या खटल्यांत तिचा उपयोग झाला नाहीं. तो व्हावयास हवा होता काय? याचें उत्तर वयांत शोधलें तर सांपडत नाहीं, असें आमचें मत आहे; आणि तें बनण्यास एक तिसरा खटला कारण झाला. त्याची प्रसिद्धि आमच्याकडे फारशी झाली नाहीं, पण विचार करण्यासारखें त्यांतच अधिक आहे.

२०१८ च्या जानेवारींत माएबाशी गांवीं ८५ वर्षांच्या एका वृद्धाच्या मोटारीखालीं सायकलवरून शाळेला निघालेल्या दोन मुली सांपडल्या. एक मेली, दुसरी जबर जखमी झाली. रक्तदाब एकाएकीं उतरून वृद्धाची शुद्ध हरपली होती. २०२० च्या मार्चांत जिल्हा न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें: असें कांहीं होईल याची कल्पना त्याला आधीं येणें शक्य नव्हतें, आणि ज्याची कल्पना नाहीं त्याचा दोष कसा? सरकारनें अपील केलें. येथें एक विलक्षण गोष्ट घडली. तोकियोच्या वरिष्ठ न्यायालयांत आरोपीच्या स्वतःच्या वकिलानेंच, निर्दोष सुटलेल्या आपल्या अशिलाला दोषी ठरवावें, अशी विनंति केली. वृद्धाला दोष मान्य करून प्रायश्चित्त घ्यावयाचें होतें. नोव्हेंबरांत न्यायालयानें निकाल फिरविला. घेरी येते हें या माणसाला ठाऊक होतें, वैद्यांनीं सावध केलें होतें, घरच्यांनीं गाडी चालवूं नका म्हणून विनविलें होतें. एवढें असून तो गाडींत बसला, तेव्हां अपघाताची कल्पना येणें शक्य होतें. तीन वर्षांची साधी कैद झाली.

अपराध रस्त्यावर घडला नाहीं, घरांत घडला. पाय चुकला त्या क्षणीं नव्हे, तर विनवणी ऐकूनही किल्ली खिशांत घातली त्या क्षणीं. आम्हांस ही दृष्टि बरोबर वाटते. नव्वदीच्या माणसाचा पाय एकदां चुकणें हा निसर्गाचा दोष म्हणतां येईल, आणि निसर्गाला तुरुंगांत घालतां येत नाहीं. परंतु 'आतां चालवूं नका' हें शब्द कानांवर पडल्यानंतरचें चालविणें ही जाणूनबुजून घेतलेली जोखीम आहे, आणि ती दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर घेतलेली आहे. तेथें पांढऱ्या केसांची ढाल पुढें करणें हा वार्धक्याचाच अपमान होय. कारण वृद्धाला आपण मान देतों तो त्याच्या विवेकासाठीं. ज्याला कोणीं सावध केलेंच नाहीं, ज्याच्या प्रकृतींत पूर्वसूचना नव्हती, त्याचा दोष नोंदावा, परवाना कायमचा काढून घ्यावा, पण त्याला कोठडींत मरावयास पाठवूं नये. ज्याला सावध केलें होतें त्याला तुरुंग चुकूं नये. मुदत मात्र त्याच्या उरलेल्या आयुष्याकडे पाहून ठरावी, कारण तिशीच्या माणसाचीं पांच वर्षें आणि नव्वदीच्या माणसाचीं पांच वर्षें कॅलेंडरांत सारखीं असलीं तरी शिक्षेंत सारखीं नसतात.

यावर असें म्हणतील कीं, अशा शिक्षेनें दुसऱ्या म्हाताऱ्यांना धाक बसणार नाहीं. पाय चुकावयाचा तो चुकणारच. पाय चुकूं नये म्हणून धाक नकोच आहे, किल्ली खालीं ठेवावी म्हणून हवा आहे. २०१९ सालीं, म्हणजे इकेबुकुरोच्या त्या वर्षीं, जपानांत सुमारें सहा लक्ष लोकांनीं आपला परवाना स्वतः होऊन परत केला. एका वर्षांत इतके परवाने तत्पूर्वी कधींच परत आले नव्हते. तेव्हां शिक्षा झाली नव्हती, नुसती बातमी होती.

आमच्याकडील कायदा वयाविषयीं मुका आहे. निष्काळजीपणें मृत्यु घडविल्याचें ३०४-अ हें कलम दंडविधानांत १८७० सालीं आलें, म्हणजे टांग्यांच्या आणि बैलगाड्यांच्या काळीं. त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेनें १०६ व्या कलमांत ती पांच वर्षांपर्यंत नेली. परवान्यापुरतें वय पाहिलें जातें: २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पंचावन्न ओलांडलेल्यास एका वेळीं पांच वर्षांपुरताच परवाना मिळतो आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला कसा मिळतो, हें वाचकांस सांगावयास नको. खरी परीक्षा घरच्यांनींच घ्यावयाची असते, आणि तीच आमच्या घरांतून कोणी घेत नाहीं. वडिलांना मधुमेह आहे म्हणून त्यांच्या ताटांतली जिलबी उचलणारा मुलगा खुंटीवरची किल्ली उचलावयास धजत नाहीं. जिलबीनें वडीलच आजारी पडतात, किल्लीनें परका मरतो, तरीही! नातवाचें तोंड पाहिलें कीं गृहस्थानें वनाकडे वळावें, असें स्मृतिकारांनीं सांगून ठेवलें. वनाकडे जाण्याची गाडी त्यानें स्वतःच हांकावी, असें त्यांनीं म्हटल्याचें आढळत नाहीं.

तांगांच्या त्या संहितेंत, सवलतीच्याच कलमाला जोडून, आणखी एक नियम आहे: अशा वृद्धाला किंवा बालकाला कोणीं शिकवून अपराध करावयास लावलें असेल, तर शिक्षा शिकविणाऱ्याला करावी. आजच्या कोणत्याही कायद्यांत हें थेट मोटारीला लागू पडत नाहीं. किल्ली न काढून घेणें म्हणजे शिकविणें नव्हे. परंतु ज्या घरांत 'बाबा, तेवढी भाजी घेऊन या' म्हणून सत्याऐशीं वर्षांच्या माणसाच्या हातीं मोटार दिली जाते, तेथें त्या जुन्या न्यायाधीशानें कोणाकडे पाहिलें असतें, हें आम्हांस कळतें.

एक गोष्ट मात्र दंडनीतीच्या हातची नाहीं. जपानच्या डोंगराळ खेड्यांतून तरुण शहराकडे गेले, उतारू उरले नाहींत म्हणून कित्येक ठिकाणीं बसगाड्या बंद पडल्या. तेथील वृद्धाला दवाखान्यास जावयाचें तर मोटारीवांचून गति नाहीं. परवाना परत करणाऱ्याला अनेक नगरपालिका बसच्या किंवा टॅक्सीच्या भाड्यांत सूट देतात. पण जेथें बसच येत नाहीं, तेथें ती सूट कागदावरच राहते, आणि म्हातारा पुन्हां चाकामागें बसतो.